कोरड्या टबात

बाथरूमच्या सामानाच्या दुकानात शिरल्याबरोबर व्हर्नाने उंबरठा नसलेला, बसायला आसन आणि धरायला दांडा असलेला शॉवर पसंत केला. तिच्या नवऱ्याचे, हार्लनचे पाय महिन्यागणिक निकामी होत चालले होते आणि डॉक्टरांकडे आता काही उपाय उरला नव्हता.

"खुर्चीवर बसून आंघोळ?" हार्लन भडकला. "कागदाच्या कारखान्यातून घरी आलो की आयुष्यभर मी टबातच पडलोय. नवीन बाथरूममध्येही टबच हवा. थांब, दाखवतो तुला."

काठी बाजूला ठेवून तो तिथल्याच एका टबात कसाबसा उतरला, ऐसपैस टेकला आणि तिच्याकडे बघून हसला. मग उठायला गेला. कोपर घसरलं. व्हर्ना पुढे झाली तसा तो खेकसला, "हात लावू नकोस!"

लोक माना वळवून पाहू लागले. त्याने पुन्हा जोर लावला, पुन्हा आपटला आणि तसाच पडून राहिला.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "आता मी काय करू गं?"

तिने बर्फाने ओले झालेले बूट काढले, ती त्याच्यासमोर टबात जाऊन बसली आणि त्याचे पाय तिने मांडीवर घेतले.

दुकानातली मुलगी लगबगीने आली. "मग, हाच टब द्यायचा ना?"

"नको, शॉवरच दे," हार्लन म्हणाला. "पण आम्हाला जरा वेळ इथं बसू दे."