पांढरे आकडे

लोखंडी पाईप जुन्या मशीनच्या काचेवर बसला आणि साबणाचं पाणी भसकन लॉण्ड्रीभर पसरलं. आतल्या गिऱ्हाइकाच्या चादरी काचांसकट फरशीवर आल्या.

"जागा सोड म्हणून सांगितलं होतं ना?" जाड्या म्हणाला. तोंड चालवायचं काम त्याचं. पाईप चालवणारा दुसरा, तो कधी अक्षर बोलत नसे, म्हणून गल्लीत त्याला गप्प्या म्हणत.

लॉण्ड्रीचा मालक पाईप धरायला पुढे झाला. पन्नाशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. गप्प्याने कोपर असं हाणलं की त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. मग गप्प्याने दुसऱ्या मशीनवरचा फेस बाहीने पुसला, घटकाभर बघितलं आणि त्याचाही चेंदामेंदा केला.

वहिनी तेवढी बँकेत गेली होती. परत आली, दारातच थबकली, मग बाह्या सरसावून काचा वेचायला बसली.

लॉण्ड्री दोघा भावांनी भाड्याच्या जागेत उभी केलेली. थोरला गेला, त्याचा निम्मा वाटा वहिनीकडे आला. रडत बसायची तिची जात नव्हती. छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचा वर्ग निघाला होता, तिथे तिने नाव घातलं. शिकून आली ती पहिल्याच आठवड्यात रंगाचा डबा घेऊन. प्रत्येक मशीनवर पांढरा आकडा घातला आणि तोच आकडा वहीत. धाकट्याने गल्ल्यातून सिगारेटपुरते पैसे घेतले की म्हणायची, "भाऊजी, गल्ला दुकानाचा आहे. ही तुमची उचल झाली, लिहून ठेवते."

"मग रात्री दुकानालाच जेवायला वाढा, वहिनी. मी उपाशी झोपतो."

ती हसायची, पण लिहायचीच.

सगळी मशीनं बदलू, कर्ज काढू, असा तिने वर्षभर धोशा लावला होता. धाकटा हटून बसला. चालतंय ते कशाला मोडायचं? शेवटी एका मशीनवर तडजोड झाली. पाच नंबर, नवं कोरं, दारालगतच उभं.

"केवढ्याला पडली ही मोडतोड?" नाकाला फडकं लावून धाकट्याने विचारलं.

"वहीत बघाल तर काहीच नाही."

"अहो, दोन मशीनं भुईसपाट झाली."

"घसारा, भाऊजी. मशीन घेतलं तेव्हा शंभर लिहिलं. दर वर्षी झिजतं, म्हणून दहा-दहा कमी केले. दहा वर्षांनी वहीत शून्य उरतं, मग मशीन चालू असो की बंद. एक ते चार, सगळी कधीच शून्यावर आलीत."

"वहीला दुखत नाही, वहिनी. नाक माझं आहे."

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा वहिनी वर्गाला गेली होती. धाकटा हातातली इस्त्री उगारून उभा राहिला. "ही जागा माझ्या भावाच्या घामाची आहे. मेलो तरी सोडणार नाही."

"मरायला कोण सांगतंय?" जाड्या म्हणाला. त्याने मागून मानगूट धरली. गप्प्याने धाकट्याचा उजवा हात चादरींच्या तापल्या प्रेसमध्ये सारला आणि झाकणावर बसला. कातडी चरचरली. बोटं एकामागून एक मोडल्याचं धाकट्याला ऐकू आलं, ओरडणं मात्र आपलंच आहे हे उशिरा कळलं. तो कोसळल्यावर गप्प्याने प्रेस फोडलं, सुकवायचं मशीन फोडलं.

"पोलिसांत जा की," निघताना जाड्या म्हणाला. "आम्ही तुझ्या लेकीकडे जातो. निळ्या दाराचं घर ना?"

धाकटा पोलिसांत गेला नाही.

दवाखान्यात वहिनीने त्याला चमच्याने पेज भरवली. डोळे पुसले तिने, आपले आणि त्याचेही. मग म्हणाली, "त्यांचा राग तुमच्यावर आहे, भाऊजी. तुम्ही त्यांच्या अंगावर जाता. बाईमाणसाशी ते निराळं बोलतील. तुमचा वाटा माझ्या नावावर करा आणि लेकीजवळ जाऊन राहा. ती तरी वाचेल."

"आणि तुम्ही?"

"माझ्यापाशी ते काय मोडणार? राहिलंय काय?"

कागद तिने तयार करून आणला. वाटा वहीतल्या किमतीने काढला होता. चार मशीनं शून्य. पाचवं तेवढं धरलेलं, त्यातून बँकेचं कर्ज वजा. खालचा आकडा धाकट्याने दोनदा वाचला.

"यात सायकलसुद्धा येणार नाही हो."

"हिशेब हिशेबासारखाच करावा लागतो, भाऊजी. मला का बरं वाटतंय?"

त्याने डाव्या हाताने सही केली. लहान पोराच्या चित्रासारखी आली.

कागद घेऊन ती कचेरीत गेली आणि तो कपडे, भावाचा फोटो घ्यायला लॉण्ड्रीत आला. पिशवी काखेत मारून वळला तर दारात दोघे.

"सही केली," धाकटा म्हणाला. "आता इथे माझं काही नाही. माझ्या लेकीला हात लावू नका. आणि वहिनीला त्रास देऊ नका, तेवढं माझ्याकडे बघून."

"शहाणा झालास." जाड्याने गप्प्याच्या हातातला पाईप ओढून घेतला. "एक आठवण घेऊन जा." आणि त्याने तो दारालगतच्या पाच नंबरवर उगारला.

गप्प्याने वरच्या वर त्याचं मनगट धरलं.

"त्याला नको," गप्प्या म्हणाला. "त्याचा घसारा अजून बाकी आहे."