पहिला मान

घसरगुंडीखाली नव्या रबरी लाद्या बसवून झाल्या, तशी मुख्याध्यापिकाबाईंनी टाच दाबून पाहिली. खालचं काँक्रीट थेट हाडाला लागलं.

"दोन बोटं जाडीच्या लाद्या ठरल्या होत्या. या तर चपलेच्या तळाएवढ्याही नाहीत."

"बाई, तुम्ही पोरांना शिकवा, मला लाद्या शिकवू नका," कंत्राटदार काम पूर्ण झाल्याचा कागद त्यांच्या नाकासमोर नाचवत म्हणाला. "पोर वरून डोक्यावर आपटलं तरी हसत उठेल. मुकाट्याने सही करा."

त्याच्या मुस्काटात द्यावी असं बाईंना फार वाटलं. पण त्या गोड हसल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "दुसरीच्या वर्गातून यांच्या नातीला बोलावून आणा. घसरगुंडीचा पहिला मान तिला."

कागद नाचायचा थांबला.

नात उड्या मारत आली, पण शिडीपाशी येताच दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"चढ की बाळा," बाई म्हणाल्या.



"नको बाई. या घसरगुंडीवर चढलीस तर तंगडं मोडून ठेवीन, असं आजोबांनी कालच बजावलंय."