निवडलेले तांदूळ

टक्. खडा पितळी ताटलीत पडला. 

जयवंता तिसऱ्यांदा तेच तांदूळ निवडत होती. चार वर्षांच्या दिगूच्या लघवीच्या पिशवीत खडा निघाला होता. सोमवारी ऑपरेशन. आणि सासूचं सकाळपासून एकच चाललं होतं, "तांदूळ नीट निवडले असते तर लेकरावर ही वेळ आली नसती."

आता पुन्हा तेच ऐकलं तेव्हा जयवंतानं सूप आपटलं. तांदूळ घरभर उडाले.

"आत्याबाई, तांदळातला खडा तिथवर जात नाही! डॉक्टर म्हणाले, नुसत्या भातावर, पेजेवर ठेवलं, दूध दिलं नाही, म्हणून झाला असेल. अन् दूध का नाही? म्हैस कुणी विकली?"

तिच्या नवऱ्यानं, नामदेवरावांनी पेपर खाली ठेवला. "तबादला होणार होता. म्हैस काय मोटारीत बसवून औरंगाबादला नेणार होतो?"

"गुढीपाडव्याला विकलीत. भाषेवार वाटण्या होऊन राज्य मोडलं, दिवाळी झाली, तुमची बदलीची ऑर्डर अजून दफ्तरातच! सात महिने झाले, भांडी बांधलेली, गाद्या बांधलेल्या. एका सतरंजीवर झोपतो आम्ही मायलेकरं. रोज मित्र जमवून गप्पांत मुलूख वाटता, चहावर चहा. त्या चहातलं पावशेर दूध माझ्या पोराला नाही मिळालं!"

सासू सांडलेले तांदूळ गोळा करायला लागली. नामदेवरावांचा आवाज उतरला. "आणखी काय म्हणाले डॉक्टर?"

"एवढंच."

ती उठली. दिवा लावला. दिगू पोट धरून कोपऱ्यात बसला होता, त्याच्या केसांत तांदूळ अडकले होते. तिनं एकेक दाणा हळूच काढला. मग पाण्यानं पेला भरून त्याच्यापुढं धरला.

"पी, माझ्या राजा. पोटभर पी."

त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला, पण प्याला नाही. आधी दिव्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. रात्री सतरंजी भिजायला लागल्यापासून दुपारनंतर त्याचं पाणी बंद होतं. तिनंच केलं होतं. उन्हाळाभर तो रडून मागायचा, पुढं पुढं मागेनासा झाला. "पानी कम पीता क्या?" डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा ती खाली बघत राहिली होती.

"आई," तो म्हणाला, "दुपारनंतर पाणी प्यालं की खडा होतो, म्हणूनच तू देत नव्हतीस ना?"