डोंग्यातली जागा

डोंग्यातून पडून लटारू वैनगंगेत बुडाला. खुनाचा खटला डोंगा हाकणाऱ्या डोमावर झाला आणि चांद्याच्या कोर्टाने त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं.

"म्हंजे मी लटारूले बुडवलो नाई, असंच ना वकीलसाहेब?"

"बुडवलंस हे सिद्ध झालं नाही, एवढंच."

तेवढंच गावाने धरून ठेवलं. डोमाच्या डोंग्यात कोणी बसेना. माणसं कोसभर वळसा घालून जात.

बाजाराच्या दिवशी लटारूची म्हातारी माय, रुखमाबाई, घाटावर आली. सगळ्यांच्या देखत डोंग्यात चढली आणि लेक बसायचा तिथंच, डोमाकडे पाठ करून बसली. तिला पोहता येत नव्हतं. डोमाने बांबू रोवून डोंगा काठालाच धरून ठेवला.

"काकी, तुमी?"

"संशय कोर्टाले होता, बापू. मले नाई. ने पल्याड."