उलटा नकाशा

व्हिक्टरने नकाशा उलटा धरला आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिला. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा, पायात चालायचे बूट. रविवार होता आणि वारा नुसता कान कापत होता.

आज शेवटचा दिवस. आठवडाभर त्याने स्वीडनमधलं गोथेनबर्ग पायी पालथं घातलं होतं. बंदर झालं, मासळीबाजार झाला, टेकडीवरचा किल्लाही झाला. लोक वाट दाखवत, फोटो काढून देत, हसत आणि निघून जात.

विनिपेगहून त्याची बहीण एल्सी रोज फोन करायची. "बोलावलं का कुणी घरी?"

"अजून नाही."

"मग तिकीट काढते. पैज म्हणजे पैज! कुणीतरी स्वतःच्या घरी नेऊन कॉफी पाजली पाहिजे. दुकानातली चालायची नाही. रविवारपर्यंत जमलं नाही तर मुकाट्याने इकडचं विमान पकडायचं."

"आणि जमलं तर इथेच राहणार."

"राहा बाबा. बोलशील कुणाशी, भिंतींशी? आपण सान्दाल मंडळी म्हणजे हट्टाचे पुतळे."

व्हिक्टरला जायचं नव्हतं. हे शहर त्याच्या जिवात रुतलं होतं. सकाळी वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढायचं, त्या आवाजाने त्याला जाग यायची. तो कर्कश आवाजसुद्धा सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"नकाशा उलटा धरलाय तुम्ही," कुणीतरी इंग्रजीत म्हणालं.

लाल टोपीतली एक बाई होती, सत्तरीची असेल. तिने नकाशा त्याच्या हातातून काढून सरळ केला.

"कुठले तुम्ही?"

"विनिपेग. कॅनडा," व्हिक्टर म्हणाला.

"अरे वा! एकटेच? मी रिग्मोर. चला, मी दाखवते. या नकाशात काही दम नाही."

आणि बाई जी सुटली! कुठली बेकरी बुडाली, कुठल्या ट्राममध्ये तिच्या नवऱ्याने तिला लग्नाचं विचारलं आणि तेवढ्यात स्टॉप आला म्हणून ती हो न म्हणताच उतरली, सगळं सांगितलं. एकदा तिने त्याला भलत्याच बोळात नेलं. समोर भिंत आली. व्हिक्टर बोळाच्या तोंडाशीच थांबला होता.

"तुमचं इंग्रजी मला अगदी सहज कळतं," रिग्मोर म्हणाली. "टीव्हीवरच्या कॅनडावाल्यांचं एक अक्षर कळत नाही."

"तुम्ही इथे सगळ्यांशीच एवढं बोलता?"

"छे हो! नवरा गेल्यापासून कुणाशी बोललेय म्हणता? आमच्याकडे ओळखीच्या माणसाशी बोलायचं म्हणजे संकट. एकदा बोललं की रोज बोलावं लागतं. तुमचं बरं आहे, आज ना उद्या तुम्ही विमानात."

व्हिक्टरने मान हलवली. तीन वाजून गेले होते. सूर्य छपरांमागे उतरायला लागला होता. आता ही बाई टोपी सावरणार, हसणार आणि जाणार.

रिग्मोरने टोपी सावरली.

"वेलचीचे बन केलेत सकाळी," ती म्हणाली. "एकटीला संपत नाहीत. याल का घरी कॉफीला?"

व्हिक्टरला तिथेच उडी मारावीशी वाटली. "येतो!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की दोन कबुतरं उडाली.

चढावरून ते लाकडी घरांच्या वस्तीत आले. एका वळणावर व्हिक्टरची चाल मंदावली. पुढच्या वळणावर त्याचा चेहराच उतरला.

"दमलात?"

"नाही. वारा आहे."

रिग्मोर एका पिवळ्या घराच्या दाराशी थांबली. तिने दार किलकिलं केलं आणि आत कान लावला. व्हिक्टरही नकळत पुढे वाकला.

"श्श! जिन्यात कुणी आहे का बघायचं आधी."

"असलं तर?"

"तर थांबायचं, ते जाईपर्यंत. नाहीतर भेटावं लागतं की!"

जिना रिकामा होता. मधल्या मजल्यावर व्हिक्टरने मान खाली घातली आणि भराभर वर चढला.

रिग्मोरचं स्वयंपाकघर ऊबदार होतं. वेलचीचा वास दरवळत होता. तिने कॉफी ओतली आणि टेबलाखालची खुर्ची ओढली. खुर्ची कर्रर्र करून ओरडली.

"अगंबाई!" तिने ओठ चावला. "खाली तो ऐकत असेल."

"कोण?"

"आहे एक एकलकोंडा म्हातारा. दारावरच्या पाटीमुळे नाव तेवढं ठाऊक, सान्दाल. तोंड कधी पाहिलं नाही. मी बाहेर पडले की तो आत, तो बाहेर पडला की मी आत." ती कपाकडे बघत राहिली. "गेल्या थंडीत फार खोकायचा हो. रात्र रात्र. एकदा बन घेऊन गेले होते. दारासमोर उभी राहिले ताटली घेऊन. घंटी वाजवायचा धीरच झाला नाही. परत आले आणि इथे बसून रडले. शरम वाटली मला."

व्हिक्टरने कप उचलला. कॉफी कढत होती, पण त्याला घाई होती. शेवटचा थेंब पोटात जाईपर्यंत त्याने कप खाली ठेवला नाही. आता एल्सीला काही बोलायला जागा नव्हती.

मग त्याने गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

"वाजवा खुर्ची हवी तेवढी," तो म्हणाला, सबंध दिवसात पहिल्यांदाच स्वीडिशमध्ये. "सान्दाल घरी नाही. वरच्या मजल्यावर कॉफीला गेलाय."