राजाचा पेला

सेंगदोंगचं बोटभर राज्य काठमांडूने खालसा केलं, तिकडे गेलेला राजाही तिथेच वारला. पण प्रवासाला निघालेल्याचा पेला तो परतेपर्यंत रिकामा ठेवायचा नाही, हा रिवाज कुणी खालसा केला नव्हता. म्हातारी यांगचेन महालात राजाचा पेला लोणी-मिठाच्या चहाने रोज भरायची. आज महालाला कुलूप लागणार होतं. “आजीबाई, मेलेला माणूस चहाला येत नाही,” कुलूप लावायला आलेला सरकारी अंमलदार, हाकीम, हसला. “वाट लांबची, साहेब. पेला रिकामा दिसला तर राजे माघारी फिरतील.” जिन्यात सावकाश पावलं चढत होती. “आमचा शिपाई कुलूप आणतानासुद्धा दमतो,” म्हणत हाकिमाने चहा खिडकीबाहेर ओतला. पावलं अर्ध्यातच थांबली. खिडकीखाली शिपाई कुलूप घेऊन उभा होता, डोक्यावरचा चहा पुसत. जिन्यातली पावलं उतरू लागली. हाकिमाने पेला दोन्ही हातांनी पुढे केला. “आजी,” तो पुटपुटला, “किटलीत आहे का थोडा?”