पहिलीच पेटी बरी होती

"पहिलीच पेटी बरी हुती," चतुराबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. गंगारामला ऐकू जाईल इतपत. "ह्यात तर तोंडात भुसकाट भरल्यागत आवाज येतुय. आता पाचवी करा."

"करतोच हाय," गंगाराम म्हणाला आणि स्पीकरच्या चौथ्या पेटीचे स्क्रू काढायला बसला.

तीस वर्षं त्याने साखर कारखान्यात जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या होत्या. तांब्याच्या तारेशी त्याच्या बोटांची ओळख बायकोपेक्षा जुनी. निवृत्त होऊन कळंबला येऊन राहिला, आणि त्याच साली साखरेच्या आजाराने चतुराबाईची नजर गेली. मुलगा संघपाल पुण्याला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन वर्षांत गावाकडे आला नव्हता. मध्यंतरी गंगारामच जाऊन त्याच दिवशी परतला. "पोरगं कामात हुतं," एवढंच सांगितलं आणि पाय धुतले.

त्यानंतर दर रविवारी चारच्या सुमाराला संघपालचा निरोप यायला लागला. बोलायला सवड नसते म्हणून बोलून धाडलेला, मिनिटभराचा. गंगाराम फोन तिच्या कानाशी धरायचा.

"माशी गुणगुणल्यागत ऐकू येतं," ती म्हणायची. "समोर बसून बोलतुय आसं काईतरी करा की. एवढं कारखान्यात होता म्हणता."

ते त्याला लागलं. बारामतीला ऋषिराजचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने फोनला जोडायचा छोटा अॅम्प्लिफायर आणि तीन इंची स्पीकर काढून दिला. "नाना, ह्याला फुल रेंज म्हणतात. भरडं, बारीक, सगळं हा एकटाच बोलतो. माणसाच्या आवाजाला ह्याच्यासारखं दुसरं नाही. पण पेटी मापात पाहिजे."

गंगारामने प्लायवूडची पेटी केली. आत किती हवा मावते ते बघायला लिटरच्या मापाने ज्वारी ओतली. चार मापं, वर मूठभर. मागं हवेला भोक ठेवलं, कडा कानशीने घासल्या, पॉलिश मारलं. मोटार भरताना चूक चालत नाही, तशी इथंही चालू दिली नाही.

रविवारी पेटी बोलली आणि पोरगं खोलीत येऊन बसलं. श्वाससुद्धा ऐकू आला. मागं कुठंतरी खणकन काही आदळलं तेही.

पांघरुणावरून फिरणारा चतुराबाईचा हात थांबला. "काय वाजलं?"

"त्येच्या हापिसाखाली हाटेल हाय. भांडी आसत्याल."

"व्हय?" एरवी ती उलट निरोप दहा मिनिटं सांगायची. शेजारणीच्या गाईपासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "सुखी ऱ्हा म्हणाव."

सोमवारी गंगाराम पहिल्या एस.टी.ने बारामतीला.

दुसरी पेटी चार इंची स्पीकरची, जाड पुठ्ठ्याच्या पडद्याची. तिसरीला मागचं भोक बुजवलं. चौथीत जुन्या गादीचा कापूस कोंबला. दर वेळी ऋषिराज कपाळाला हात लावायचा.

"अहो नाना, लोक येतात ते आवाज स्वच्छ करा म्हणून. तुमचं दर खेपेला उलटं."

"डोळं गेल्यापास्नं कान लई हळवं झालंत तिचं. बारीक आवाज टोचतो."

"मग वायरीत एक कॉइल टाका, वरचे सूर गळून जातील. पण सांगून ठेवतो, बोलणारा कोण ते ओळखू यायचं नाही."

"यील की," गंगाराम म्हणाला. "आई हाय ती."

कॉइल त्याने स्वतः भरली. ओसरीत बसून, वेढे मोजत. चतुराबाई तारेची कुरकुर ऐकत होती. "मोटार भरताय का पेटी?" तिने विचारलं. तो हसला नाही.

पाचव्या पेटीच्या रविवारी इंद्रजित किटलीत दूध घेऊन आला. गंगारामचा पुतण्या, गावातल्या दूध संकलन केंद्रावर मापाला असायचा. आईवेगळा, संघपालच्या बरोबरीने चतुराबाईच्याच हाताखाली वाढलेला. दूध ठेवून निघायच्या बेतात होता.

"बस की रं," ती म्हणाली. "भावाचा निरोप ऐकून जा."

तो उंबऱ्यावर टेकला. गंगारामने वायर जोडली.

"आई, बरी हाईस का? गोळ्या येळंवर घे. सुट्टी घावली की येतो मी."

गोधडीखालून आल्यासारखा आवाज. श्वास नाही, खणखण नाही. बोलणारा कुणीही असता. गंगारामला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"आता कसं? टोचत न्हाय ना?"

"न्हाय. लई कष्ट घेतलं तुमी."

इंद्रजित किटलीचं झाकण लावत होता. लागलेलंच झाकण पुन्हा काढून पुन्हा लावत होता.

"उलट निरोप काय धाडू?" गंगारामने फोन हातात घेतला.

चतुराबाईने हात पुढे करून पेटी चाचपली. पॉलिशवरून बोटं फिरवली, कडेला आली, तिथून हळूच पेटी मागे सारली.

"ते राहू द्या," ती म्हणाली आणि तोंड उंबऱ्याकडे वळवलं. "इंद्रजित, फुडल्या आइतवारी हितं बाजंवर बस, आन् तुझ्या तोंडानंच इचार मला गोळ्या घेतल्या का ते. पोरानं टाकलंय आमाला. पहिल्या पेटीत तुझं दुधाचं कॅन वाजलं, तवाच कळलं मला."